पोहता येत नाही, तरी समुद्रावर रिसर्च करता येईल का?

प्रश्न: ताई, मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मायक्रोबायोलॉजी. समुद्रातल्या जीवांवर रिसर्च करायचं डोक्यात बसलंय, पण घरचे म्हणतात त्यात आयुष्य जहाजावर जातं, आणि मला तर धड पोहताही येत नाही. शिवाय एकेका शोधात अर्धं करिअर जातं असंही ऐकलंय. खरंच असतं का असं?

उत्तर: पोहण्याचं आधी मिटवून टाकते. जहाजावरून कोणी उडी मारून सॅम्पल आणत नाही, डायव्हिंग लागतं ते कोरल रीफवर वगैरे काम करणाऱ्यांना. बोट लागणं मात्र खरं, पहिल्या क्रूझला दोन दिवस मी बादली सोडली नव्हती. आणि आयुष्य जहाजावर जात नाही गं, बहुतेकांची वर्षात एखादी क्रूझ, काही आठवड्यांची, कधी तीही नाही. बाकी वर्ष लॅब, कॉम्प्युटर आणि फंडिंगसाठी प्रपोजल लिहिणं, जे कोणीच आधी सांगत नाही.

जहाजावरचं मुख्य काम म्हणजे रोझेट. लोखंडी चौकटीत गोल लावलेल्या लांबट बाटल्या, बऱ्याचदा २४, आणि मध्ये तापमान, खारटपणा, खोली मोजणारं सीटीडी. बाटल्या दोन्ही तोंडं उघडी ठेवून खाली सोडतात आणि वर येताना हव्या त्या खोलीवर एकेक बंद करतात. विंच मिनिटाला साधारण ६० मीटर केबल सोडते, म्हणजे ४००० मीटरला नुसतं खाली पोचायलाच तासाच्या वर जातो, मग रात्री तीनला डेकवर ताटकळत उभं राहायचं. वर आली की आधी वरचा स्क्रू बंद असतानाच खालचा नळ उघडून बघायचा, पाणी आलं तर बाटली लीक आहे, सॅम्पल बाद.

हे इतकं सांगतेय कारण माझी फजिती. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी ४०० मीटरच्या एका बाटलीत, जिथे ऑक्सिजन जवळपास नसायला हवा तिथे, भरपूर निघाला. तीन दिवस मी हवेत, मनातल्या मनात पेपरचं टायटलसुद्धा ठरवलं होतं. मग लॉगशीट चाळली तर त्या बाटलीपुढे माझ्याच अक्षरात "लीक" लिहिलेलं! वर येता येता वरच्या थरातलं पाणी आत शिरलं होतं, दुसरं काही नाही. गाईड हसल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

याच्या बरोब्बर उलटं घडलं समुद्रातल्या सूक्ष्मजीवांवर काम करणाऱ्या सॅली चिझम यांच्या बाबतीत. १९७६ पासून अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये, तेही सिव्हिल इंजिनिअरिंग डिपार्टमेंटमध्ये. १९८० च्या दशकात त्या आणि त्यांचे सहकारी रॉब ओल्सन यांनी फ्लो सायटोमीटर, म्हणजे रक्तपेशी वगैरे तपासायला बनवलेलं मशीन, समुद्राच्या पाण्यासाठी वापरलं. ग्राफच्या अगदी तळाशी बारीक लाल ठिपके दिसायचे, आधी वाटलं मशीनचा नॉइज आहे. पण खोली बदलली की ते ठिपकेही बदलायचे, आणि नॉइजला काय कळतं किती खोल आलोय ते? ते ठिपके म्हणजे निघाला प्रोक्लोरोकोकस नावाचा जीवाणू, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवांमध्ये संख्येने सगळ्यात जास्त. १९८८ मध्ये 'नेचर'मध्ये पेपर आला, आणि त्यानंतर चिझम यांचं जवळजवळ सगळं करिअर याच एका जिवावर. त्यामुळे अर्धं करिअर जातं हे तू ऐकलंस ते खोटं नाही, पण शोध लागायच्या आधी कमी आणि लागल्यानंतर जास्त जातं.

प्रश्न: मग आकडा खरा की कचरा हे ओळखायचं कसं?

उत्तर: आधी कचरा आपल्याकडून तर येत नाही ना हे बघायचं. समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांचं उदाहरण घे. समुद्रातल्या लोहाचे जुने आकडे फुगलेले होते कारण जहाजच लोखंडाचं, केबल लोखंडाची, त्यातलं थोडं पाण्यात यायचंच. मार्टिन यांच्या टीमने अतिशय स्वच्छ पद्धतीने मोजलं तर लोह नावालाच. मग त्यांनी म्हटलं की काही समुद्रांत नायट्रेट, फॉस्फेट असूनही प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, वाढत नाही ते लोह नाही म्हणूनच, आणि यावर बरीच वादावादी झाली. १९९३ च्या जूनमध्ये ते गेले, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅलापागोसजवळ समुद्रात लोह टाकून बघितलं तर प्लवक खरंच वाढलं. त्यांना ते बघायला मिळालं नाही याची मला अजून हळहळ वाटते.

प्रश्न: आत्तापासून काय करू?

उत्तर: मायक्रोबायोलॉजी सोडू नकोस, सोबत थोडं स्टॅटिस्टिक्स आणि पायथन शिक, कंटाळा आला तरी. आर्गो फ्लोट्सचा डेटा फुकट मिळतो, हे तरंगते सेन्सर दर १० दिवसांनी २००० मीटरपासून वर येत मोजमाप करतात. एक फ्लोट निवड, तापमान आणि खोलीचा ग्राफ काढ. तापमान कुठल्या खोलीला एकदम घसरतं ते बघ, आणि मधेच एखादा ठिपका भलतीकडेच गेलेला दिसला तर लगेच डिलीट करू नकोस, आधी त्या डेटासोबत दिलेला क्वालिटी फ्लॅग, म्हणजे आकडा कितपत भरवशाचा आहे ते सांगणारी खूण, बघ.