१९९६ ची डॉज रॅम पिकअप, ५.९ लिटरचं कमिन्स डिझेल इंजिन (१२ व्हॉल्व्ह): डॉवेल पिन आधीच अडवून घ्यावी का?

हो, इंजिन व्यवस्थित चालत असलं तरी घ्या. गाडी सेकंडहँड असेल आणि जुनं बिल हाती नसेल तर हे काम झालेलं नाही असंच धरून चाला. टायमिंग गिअरचं हाउसिंग (गिअरभोवतीचं कवच) इंजिनच्या ब्लॉकवर नेमकं बसावं म्हणून तिथे एक छोटी स्टीलची पिन ठोकलेली असते, पण तिला धरून ठेवणारं काहीच नसतं. वर्षानुवर्षांच्या थरथरीने आणि तापण्या-निवण्याने ती सरकत बाहेर येते. थेट ऑइल पॅनमध्ये पडली तर नशीब. गिअरच्या दातांत सापडली तर अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग फुटतं, कधी टायमिंगच (इंजिनच्या भागांच्या फिरण्याचा मेळ) जातं. अमेरिकेतले मेकॅनिक तिला 'किलर डॉवेल पिन' म्हणतात ते उगाच नाही.

डिझेलच्या कामात असल्याने सांगतो, पार्ट स्वस्त आहे, खरा खर्च मजुरीचा. फॅन, बेल्ट, डँपर (क्रँकच्या पुढच्या टोकावरचं थरथर शोषणारं चाक) आणि पुढचं कव्हर काढायचं, पिन आत ठोकायची आणि शेजारच्या बोल्टखाली पत्र्याची पट्टी अशी कसायची की पिनचं तोंड झाकलं जाईल. त्या बोल्टच्या आट्यांवरचं तेल पूर्ण पुसून मगच लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावा, तेलकट आट्यांवर ते धरत नाही. उघडलंच आहे तर:

- हाउसिंगचे बाकीचे बोल्टही मॅन्युअलच्या टॉर्कने तपासा
- क्रँकचं पुढचं सील नवं टाका

मात्र कव्हर काढल्यावर पिनच्या जागी नुसतं भोक दिसलं, तर पिन सापडेपर्यंत इंजिन फिरवू नका. आणि २००३ पासूनच्या कॉमन रेल (इंधन पुरवण्याची नवी पद्धत) असलेल्या ५.९ ला ही भानगड नाही.