मुंबईहून मिनिकॉय बेटावर कसं जायचं? इतक्या लांब जाण्यासारखं आहे का?

नक्की जा. लक्षद्वीपचं हे अगदी दक्षिणेकडचं बेट कोचीपासून सुमारे ४०० किमीवर आहे. बेटावर विमानतळ नाही, म्हणून रेल्वेने किंवा विमानाने कोची गाठायची आणि पुढे जहाज. लक्षद्वीप प्रशासनाचा प्रवेश परवाना आधी लागतो. तो आणि जहाजाचं तिकीट हातात येईपर्यंत बाकी आरक्षण करू नका. पावसाळा टाळा, समुद्र खवळलेला असतो.

तिथे १८८५ सालच्या दीपगृहावर चढाच. वरून प्रवाळाची कडा आणि तिच्या आतलं उथळ, निळंहिरवं पाणी दूरवर दिसतं. माणसंही वेगळी: लक्षद्वीपच्या इतर बेटांवर मल्याळमशी नातं सांगणारी बोली, इथे मात्र मालदीवच्या धिवेहीची बोली, महल. ट्यूनाची मासेमारी हा इथला जुना व्यवसाय.