गोव्यात घरीच शिकणाऱ्या माझ्या ८ आणि ११ वर्षांच्या मुलांसाठी इतिहास-विज्ञानाची पुस्तकं कशी निवडावी?

तुमची मुलं ८ आणि ११ वर्षांची म्हणताय, तर सगळ्यात आधी महागडे सेट घेऊच नका, पणजीला पाट्टोवरच्या सेंट्रल लायब्ररीत मुलांना घेऊन जा आणि पुस्तकं तिथेच चाळून बघा.

विज्ञानाचं पुस्तक उघडलं की प्रयोगाचं एखादं पान बघायचं, सामान स्वयंपाकघरात मिळतं का? म्हणजे जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात घालून त्या पाण्यात लिंबू पिळलं की रंग गुलाबी होतो, खायचा सोडा घातला की हिरवट, असं काही असेल आणि "का झालं असेल?" असं मुलांनाच विचारलं असेल तर पुस्तक घ्या. नुसत्या व्याख्या असतील तर ठेवून द्या. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या साईटवर मराठीतही भरपूर पुस्तकं फुकट आहेत, ती नक्की बघा.

इतिहासाचं मात्र जरा नीट बघा हां, कारण बऱ्याच पुस्तकांत गोवा पोर्तुगिजांनी तो जिंकला तिथून, १५१० ला सुरू होतो आणि एकदम १९६१ ला मुक्त होतो, मधली माणसं गायब आणि त्याआधीचे कदंब राजे तर नाहीतच. हे आपल्याला कशावरून कळलं, ताम्रपट, नाणी, शिलालेख, हे सांगणारं पुस्तक शोधा. कदंबांचं प्रकरण वाचून झालं की तांबडी सुर्ल्याचं देऊळ दाखवा, उसगाळीमळची, कदंबांच्याही कितीतरी आधीची कातळशिल्पंही, पण ती पावसाळा संपल्यावर.