नाताळला अख्ख्या घराने मिळून काय पाहावं?

तुमचा प्रश्न असा आहे: घरात चार वर्षांच्या भाचीपासून पंच्याहत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळे आहेत, नाताळच्या सुट्टीत एकत्र बसून पाहण्यासारखे ख्रिसमसचे सिनेमे किंवा टीव्हीचे खास कार्यक्रम कोणते?

आम्ही वसईचे. २४च्या रात्री मिस्सा, २५च्या दुपारी पोटाला तडस लागेपर्यंत जेवण आणि चार वाजता अकरा माणसं एका टीव्हीसमोर. गेली दहा-बारा वर्षं रिमोट माझ्या हातात आहे, त्यामुळे शिव्याही मीच खाल्ल्यात. त्यातून आलेलं शहाणपण एवढंच की सुरुवात दोन तासांच्या सिनेमाने करू नका. जेवण अंगावर आलेलं असतं, वडीलधारे पेंगायला लागतात आणि पोरं विसाव्या मिनिटाला उठून करंज्यांच्या डब्याकडे जातात. आधी अर्ध्या तासाचं काहीतरी लावा. अमेरिका-इंग्लंडमध्ये खास टीव्हीसाठी केलेले असे पंचवीस-सव्वीस मिनिटांचे छोटे चित्रपट आहेत आणि आपल्याकडे त्यांची कुणी फारशी चर्चा करत नाही.

त्यातला माझा पहिला नंबर ‘द स्नोमॅन’. इंग्लंडच्या चॅनल फोरवर १९८२च्या नाताळात पहिल्यांदा दाखवला. रेमंड ब्रिग्ज यांच्या चित्रपुस्तकावर केलेला, रंगीत पेन्सिलींनी चितारल्यासारखा दिसणारा. मोठा फायदा म्हणजे यात संवादच नाहीत. आमच्या आईला इंग्रजी येत नाही, भाचीला तर तेव्हा धड वाचताही येत नव्हतं; दोघींना सारखंच कळलं. एक मुलगा अंगणात बर्फाचा माणूस करतो, रात्री तो जिवंत होतो, दोघं घरभर हुंदडतात, मोटरसायकलवर फेरी मारतात. इंजिनाच्या धगीने बर्फाचा माणूस वितळायला लागतो, तेव्हा गारव्यासाठी तो फ्रीझरमध्ये जाऊन बसतो. मग दोघं हवेत उडतात, ब्रायटनच्या समुद्रावरून थेट उत्तरेकडे, आणि तिथे एका मुलाच्या आवाजातलं ‘वॉकिंग इन द एअर’ हे गाणं सुरू होतं. अख्ख्या सिनेमात कानावर पडणारे शब्द जवळजवळ तेवढेच.

गंमत म्हणजे मूळ पुस्तकात ख्रिसमस नाहीच. सांताक्लॉजची भेट सिनेमावाल्यांनी घातली. शेवट मात्र पुस्तकातलाच ठेवला. सकाळी मुलगा धावत बाहेर येतो तर अंगणात वितळलेला ढीग, वर टोपी. इथे तयारीत राहा. आमची भाची रडली नाही, भडकली. “तो फ्रीझर होता ना घरात! मग त्याला परत आत का नाही ठेवलं?” अकरा माणसांत कुणालाच उत्तर देता आलं नाही. अजून आलेलं नाही.

दुसरा ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ हा कार्टूनपट, १९६५चा. हा मोठ्यांना जास्त आवडतो. सण आलाय आणि आपल्याला आनंद का होत नाही, असं विचारणारा एक मुलगा, आणि मागे पियानोवरचं जॅझ. आवाज खऱ्या लहान मुलांचे आहेत. काहींना वाचता येत नसल्यामुळे एकेक ओळ म्हणून दाखवून ती त्यांच्याकडून वदवून घेतली होती, त्यामुळे वाक्यं मधेच अडखळतात आणि तेच गोड वाटतं. वाहिनीच्या साहेबांना तो संथ वाटला होता, मधे हशाचे आवाजही नाहीत म्हणून कुरकुर होती. प्रत्यक्षात त्या रात्री अमेरिकेतले चालू असलेले जवळजवळ निम्मे टीव्ही त्यावर होते. पण बोलणं बरंच आहे, तेव्हा घरातल्या कुणीतरी शेजारी बसून मराठीत सांगत राहावं लागतं.

आता मोठा सिनेमा. एकच बघणार असाल तर ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’, १९४६, दिग्दर्शक फ्रँक काप्रा. तेव्हा तो फारसा चालला नव्हता. १९७४ साली कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, अमेरिकेतल्या टीव्ही केंद्रांना तो फुकटात लावता येऊ लागला, आणि दर डिसेंबरला पाहून पाहून लोक त्याच्या प्रेमात पडले. देवदूत वगैरे भाग शेवटी येतो. त्याआधी दीड तासाहून जास्त वेळ ही चक्क पतपेढीची गोष्ट आहे. नायक जॉर्ज बेली वडिलांची छोटी पतसंस्था चालवतो, समोर पॉटर नावाचा सावकार. आमचे बाबा पतपेढीत कॅशियर होते, त्यामुळे हे त्यांना भाषांतर न करता कळलं.

जॉर्जच्या लग्नाच्याच दिवशी ठेवीदारांची झुंबड उडते तो प्रसंग बाबांनी मला दोनदा मागे घ्यायला लावला. तुमचे पैसे इथे तिजोरीत नाहीत, ते शेजाऱ्याच्या घरात गुंतलेत, असं जॉर्ज लोकांना समजावतो आणि मधुचंद्राचे पैसे वाटायला काढतो. पहिला माणूस हटून बसतो: सगळेच्या सगळे २४२ डॉलर हवेत. मग लोक वीसावर येतात. शेवटी एक बाई संकोचून विचारते, साडेसतरा मिळतील का? तिथे बाबांनी चष्मा काढून पुसला. अफवेनंतर खिडकीसमोर लागलेली अशी रांग त्यांनी आतल्या बाजूने पाहिलेली. संध्याकाळी दार बंद होतं तेव्हा जॉर्जकडे दोन डॉलर उरलेले असतात. बाबांची तक्रार एकच, आणि ती रास्त आहे: पतसंस्थेचे आठ हजार डॉलर दाबून बसलेल्या पॉटरला शेवटी काहीच शिक्षा होत नाही. “ऑडिट नव्हतं का यांच्याकडे?”

दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर ‘क्लाउस’ (२०१९) लावा. लाडावलेल्या पोस्टमनला दूरच्या गोठलेल्या गावात धाडतात, वर्षात सहा हजार पत्रं पोचवायची अट. गावात दोन घराण्यांची इतकी जुनी भाऊबंदकी की पत्र लिहायचं कुणी कुणाला? बांधावरून कोर्टात गेलेल्या आमच्या काकांना हे फार पटलं. चित्रं अप्रतिम.

‘होम अलोन’ (१९९०) सांगायची गरज नाही, पोरांना पाठ असतो. फक्त पाहून झाल्यावर जिने तपासा. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी पायरीवर खेळण्यातल्या मोटारी मांडलेल्या सापडल्या, त्याही मी गरम पातेलं घेऊन उतरताना.

टाळायचे दोन. ‘ग्रेमलिन्स’मध्ये एक मुलगी वडिलांची आणि धुरांड्याची गोष्ट सांगते, घरात सांतावर विश्वास असलेलं मूल असेल तर त्याचा घात होईल. आणि ‘लव्ह अ‍ॅक्च्युअली’ सासू-सासऱ्यांसोबत अजिबात नको. मी एकदा लावला. बिनकपड्यांचा प्रसंग येताच रिमोट सोफ्याच्या फटीत गेला.

कुठला सिनेमा कुठे आहे हे दरवर्षी बदलतं, म्हणून आठवडाभर आधी शोधून ठेवा आणि इंग्रजी सबटायटल्स लावा. काप्राचा मात्र मूळ कृष्णधवलच घ्या, मागाहून रंग भरलेली प्रत नको. त्यात सगळ्यांचे गाल पावडर लावल्यासारखे दिसतात.