घरी .३०८ भरताना पावडर कोणती घ्यावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्रीन कार्ड आल्यावर तुम्ही .३०८ विंचेस्टरची बोल्ट ॲक्शन रायफल घेतलीत, आता घरी काडतुसं भरायला प्रेस आणि डाय (पुंगळीला आकार देणारी आणि गोळी बसवणारी अवजारं) आणलेत, दोनशे रिकाम्या पुंगळ्या (काडतुसाची पितळी नळकांडी) साफ करून ठेवल्यात, आणि मुलीला हलक्या धक्क्याची काडतुसंही हवीत. आता सगळ्यात जोरदार पावडर (बंदुकीची दारू) कोणती ते हवंय. जळण्याच्या वेगाच्या तक्त्यात व्हार्गेट आणि सीएफई २२३ या दोन पावडरी जवळजवळ दिसतात, तर एकीचं माप दुसरीला चालेल का? आणि शेजारचे आजोबा त्यांच्याकडची अर्धी बाटली देतायत, ती घ्यावी का?

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे. पहिल्याला थोडा वेळ लागेल, कारण "जोरदार" हा शब्दच इथे चुकीच्या वाटेला नेतो.

आधी कायद्याचं, कारण हे वाचणाऱ्यांत व्हिसावर असलेले बरेच जण असतील. अमेरिकेच्या संघीय कायद्यात ॲम्युनिशन म्हणजे फक्त तयार काडतूस नव्हे. पुंगळी, प्रायमर (पावडर पेटवणारी बुडाची टोपी), गोळी आणि पावडर हे सुटे भागही त्यात धरले आहेत. एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला ते जवळ बाळगायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. वैध शिकार परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारून पक्के करा. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण येत नाही. स्वतःपुरतं भरायला संघीय परवाना लागत नाही, विकण्यासाठी भरायचं तर लागतो. आणि भारतात परवान्याशिवाय काडतूस तयार करणं हा शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ चा भंग आहे. सुट्टीत गावी गेल्यावर कुणाला हे करून दाखवायचा मोह होऊ देऊ नका.

आता पावडर. माझ्या आजोबांकडे कोकणात शेतसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. रानडुकरं आणि वानरांसाठी. ते शिंगाच्या मापाने दारू ओतायचे, वर चिंधी, मग छर्रे, आणि गजाने ठासायचे. माप थोडं इकडेतिकडे झालं तरी फारसं बिघडत नसे, कारण काळी दारू बरीचशी आपल्याच गतीने जळते. आपल्यापैकी अनेकांच्या डोक्यात बंदुकीच्या दारूचं चित्र अजून तेच आहे. धूररहित पावडर ही वेगळीच वस्तू आहे. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजपासून ती बनवली आणि दोनच वर्षांत लेबेल रायफल तिच्यावर चालू लागली. उघड्यावर चिमूटभर पेटवली तर ती पिवळ्या ज्वाळेने सावकाश जळून जाते, आवाजसुद्धा होत नाही. बंद पुंगळीत मात्र दाब वाढला की जळणं वाढतं, आणि जळणं वाढलं की दाब आणखी वाढतो. म्हणून इथे अंदाजपंचे काम चालत नाही. धूररहित पावडर ठासणीच्या बंदुकीत तर कधीच घालायची नाही.

प्रत्येक पावडरीला एक जळण्याचा वेग असतो. तो येतो दाण्याच्या आकारातून, दाण्यातल्या भोकातून आणि वरच्या लेपातून. कांडीसारख्या दाण्याला मधोमध भोक असतं. बाहेरून दाणा झिजत जातो तसा आतला भाग रुंदावत जातो, आणि जळणारं क्षेत्रफळ साधारण तेवढंच राहतं. बॉल पावडरीत गोल दाणा, तिथे हे काम मुख्यतः लेप करतो. काळसर चकाकी असते ती ग्रॅफाइटची.

कुठला वेग कुठे, हे ठरतं पुंगळीत जागा किती, नळी किती रुंद आणि गोळी किती जड यावरून. मोठी पुंगळी, अरुंद नळी आणि जड गोळी असेल तर हळू जळणारी पावडर लागते. म्हणून .२२३ च्या लहान पुंगळीला जी चालते ती .३०० विन मॅगच्या मोठ्या पुंगळीला सहसा चालत नाही. तुमची .३०८ मधल्या पट्ट्यातली आहे. १९५२ मध्ये बाजारात आलेली, दाबाची मर्यादा ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). तिला १५० ते १७५ ग्रेनच्या गोळ्यांसाठी मध्यम वेगाच्या पावडरी छान बसतात: व्हार्गेट, आयएमआर ४०६४, आयएमआर ४८९५, एच४८९५, व्हिटावुओरी एन१४०, रिलोडर १५. यातली कुठलीही घेतलीत तरी चुकणार नाही. एकाच फळीवर ऑस्ट्रेलियाची, कॅनडाची आणि फिनलंडची पावडर शेजारी शेजारी उभी असते, हे पाहून मला अजूनही बरं वाटतं.

जाता जाता ग्रेनबद्दल. वजनाचा ग्रेन आणि पावडरीचा दाणा या वेगळ्या गोष्टी आहेत, नवीन माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो. एका पौंडात ७,००० ग्रेन. आपल्या हिशोबाने सांगायचं तर ब्रिटिश अमदानीतला तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता आणि तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे एक गुंज दोन ग्रेनांपेक्षा थोडी कमी. तुमची १६८ ग्रेनची गोळी तोळ्याहून जराशी हलकी. आणि आपण तराजूवर ज्या फरकासाठी डोळ्यांत तेल घालून बसतो, तो ०.१ ग्रेन म्हणजे गुंजेचा एकोणिसावा हिस्सा. सोनारसुद्धा इतका बारीक तोलत नसेल.

तक्त्याबद्दल. तो फक्त क्रम सांगतो, अंतर सांगत नाही. दोन पावडरी शेजारी आहेत म्हणजे एकीचं माप दुसरीला चालेल, असा अर्थ त्यातून काढायचा नसतो. व्हार्गेट कांडीची आणि फक्त नायट्रोसेल्युलोजची, सीएफई २२३ बॉल. घनता वेगळी, लेप वेगळा, दाबाचा चढ वेगळा. नावातलं साम्य तर याहून फसवं. आयएमआर ४८९५ आणि एच४८९५ वेगळ्या. आयएमआर ४३५० आणि एच४३५० वेगळ्या. आयएमआर ४८३१ आणि एच४८३१ही वेगळ्या. आकडा तोच, कंपनीची अक्षरं वेगळी, आणि पुस्तकातली मापंही वेगळी. दुकानदाराने "अहो, एकच आहे" म्हटलं तरी बाटलीवरचं पूर्ण नाव पुस्तकातल्या पूर्ण नावाशी अक्षर न् अक्षर जुळवूनच घ्या.

मी स्वतः आता .३०८ साठी कांडीची, हवामानाने फारशी न बदलणारी पावडरच का वापरतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एक बॉल पावडर घेतली. नाव सांगत नाही, कारण दोष पावडरीचा नव्हता. मापकातून पाण्यासारखी पडायची, दर वेळी तेवढीच, फार आवडली होती. जानेवारीत इथे टेक्ससमध्ये सकाळी दोन अंश होते. त्या थंडीत मी पुस्तकातल्या कमाल मापापर्यंत चढत गेलो. बोल्ट लोण्यासारखा उघडत होता, प्रायमरच्या कडा गोल होत्या, गट (लक्ष्यावरच्या भोकांचा झुपका) सुंदर. त्याच मापाची शंभर काडतुसं भरून ठेवली. जुलैत रेंजवर गेलो. चाळीस अंश, आणि मी डबी बाकावर उन्हात उघडी ठेवली होती. तिसऱ्या गोळीनंतर बोल्टचा दांडा उचलेना. तळव्याने दोनदा ठोकावा लागला. पुंगळी बाहेर आली तेव्हा तिच्या बुडावर चकचकीत गोल ठसा होता, पितळ इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळ्याच्या) भोकात दाबलं गेलं होतं. प्रायमर नाण्यासारखा सपाट. दोन्ही दाब जास्त झाल्याच्या खुणा. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) वेग जानेवारीपेक्षा सेकंदाला साठ-सत्तर फुटांनी जास्त. उरलेली सत्त्याण्णव काडतुसं घरी आणून एकेक करून सोडवली, त्यात दोन रविवार गेले. हाताला काही झालं नाही, डोळा शाबूत राहिला. तेव्हापासून कानाला खडा: थंडीत ठरवलेलं माप उन्हाळ्यात वापरायचं नाही, कमाल मापावर राहायचं नाही, आणि काडतुसं सावलीत ठेवायची.

व्हार्गेट, एच४३५०, एच४८९५ या पावडरी तापमानाने तुलनेने कमी बदलतात, म्हणूनच लांब पल्ल्याचे नेमबाज त्यांच्यावर तुटून पडतात. ६.५ क्रीडमूर हे काडतूस वापरणाऱ्यांमुळे एच४३५० कित्येकदा दुकानात मिळतच नाही. कांडीचा तोटाही आहे. ४०६४ च्या लांब कांड्या मापकाच्या नळीत आडव्या अडकतात, मग एका पुंगळीत कमी आणि पुढच्या पुंगळीत जास्त पडते. दांडा फिरवताना कांडी कापली जाते तो कच्चकन आवाज हाताला जाणवतो. मी मापकाने थोडी कमी टाकतो आणि उरलेली चमच्याने टिचक्या मारत तराजूवर पुरी करतो. वेळ लागतो, लागू द्या. सुरुवातीला प्रत्येक पुंगळी तोलाच.

वेगाच्या मागे लागू नका असं म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. पुंगळी किती भरते हे मी वेगाच्या आधी बघतो. पावडरीने पुंगळी नव्वद टक्क्यांच्या वर भरत असेल तर दोन फायदे. एक, पावडर आत इकडेतिकडे सरकत नाही, त्यामुळे वेग एकसारखा येतो. दुसरा मला जास्त मोलाचा वाटतो: चुकून दोनदा टाकली तर ती बाहेर सांडते आणि चूक डोळ्यांना दिसते. वेगाने जळणारी पावडर थोडीशीच लागते, तिचं दुप्पट माप पुंगळीत निमूट मावतं. उलट बाजूची चूकही करू नका. हळू जळणाऱ्या पावडरीचं माप "सुरक्षित राहू" म्हणून पुस्तकातल्या किमान मापाच्या खाली नेणं धोक्याचं आहे, तिथेही दाब उसळू शकतो. मुलीला हलक्या धक्क्याची काडतुसं हवीत असं तुम्ही लिहिलंय, त्यासाठी एच४८९५ घ्या. तिचं माप कमी करत कमाल मापाच्या साठ टक्के उरेल इथवर आणायला बनवणारेच सुचवतात, त्याखाली नाही. ही मुभा त्या पावडरीपुरतीच आहे.

म्हणून खरेदीचा माझा क्रम दुकानाच्या आधी सुरू होतो. आधी गोळी ठरवा. मग त्या गोळीच्या कंपनीचं चालू आवृत्तीचं पुस्तक उघडा, हॉर्नडी, सिएरा, जी असेल ती, आणि पावडर बनवणाऱ्याची मापंही शेजारी ठेवा. दोन्हीकडे असलेल्या तीन-चार पावडरी कागदावर लिहा. मग दुकानात जाऊन त्यातली जी नेहमी मिळते ती घ्या. २०२० नंतरच्या टंचाईत मी रिकाम्या फळ्या पाहिल्यात. जगातली सर्वोत्तम पावडर तुमच्या गावात वर्षातून एकदाच येत असेल तर ती तुमच्या कामाची नाही. पहिल्यांदा एकच पौंड घ्या. .३०८ ला त्यात दीडशेहून अधिक काडतुसं होतात, आवडनिवड कळायला पुरेशी आहेत. ऑनलाइन मागवलीत तर धोकादायक मालाचं शुल्क वेगळं पडतं, एका बाटलीसाठी ते परवडत नाही. पावडर पसंत पडली की आठ पौंडांचा डबा घ्या, म्हणजे लॉट (कारखान्यात एका वेळी बनलेला माल) एकच राहील. लॉट नंबर बदलला की मी पुन्हा किमान मापापासून वर येतो, मग नाव तेच असलं तरी.

मी इथे मापाचा आकडा लिहिणार नाही. तुमची नळी, तुमच्या पुंगळ्या आणि तुमची गोळी माझ्याकडे नाहीत. पुस्तकातलं किमान माप घ्या, तिथून थोडंथोडं चढा, प्रत्येक पुंगळीचं बूड बघा.

टेबलावर एका वेळी एकच बाटली. भरून झालं की मापकातली उरलेली पावडर त्याच क्षणी त्याच बाटलीत परत. रात्रभर मापकात राहिली की सकाळी तुम्हाला वाटतं "ही तीच", आणि खात्री कशाचीच नसते. साठवण मूळ डब्यात, कोरड्या थंड जागी. हा डबा दाब आला की सहज फाटावा असाच बनवलेला असतो. तो लोखंडी पेटीत घट्ट बंद करून ठेवलात तर तुम्हीच बॉम्ब बांधलात. अमेरिकेत सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या अग्निसुरक्षा मानकांत घरी मूळ डब्यात २० पौंडांपर्यंत आणि त्यापुढे ५० पौंडांपर्यंत एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत ठेवायची मुभा आहे. तुमच्या गावाचा नियम याहून कडक असू शकतो, तो बघून घ्या.

आता आजोबांची अर्धी बाटली. झाकण उघडून वास घ्या. चांगल्या पावडरीला ईथर किंवा स्पिरिटसारखा वास असतो. आंबट, नाकाला झोंबणारा वास आला किंवा तांबूस भुकटी दिसली तर ती कुजायला लागलीय. पण वास चांगला आला तरी ती वापरू नका. लेबल बरोबर आहे, आत तीच पावडर आहे, मधल्या वर्षांत कुणी मापकातली दुसरी उरलेली तिच्यात ओतली नाही, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. मला असं कुणी दिलं की मी घेतो, आभार मानतो आणि हिरवळीवर पातळ पसरून टाकतो. नायट्रोजन आहे, गवत छान येतं.

त्यांच्याकडून मागायचंच असेल तर त्यांची वही मागा. इतकी वर्षं भरणाऱ्या माणसाकडे तारीख, लॉट, तापमान आणि गट लिहिलेली वही असतेच. मापं उचलण्यासाठी नव्हे, नोंद कशी ठेवतात ते बघण्यासाठी. आणि पहिली वीस काडतुसं भराल तेव्हा त्यांना शेजारी खुर्ची द्या. प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून तुम्ही पातळी बघा, मग गोळी बसवायच्या आधी तीच पातळी त्यांना बघू द्या.