आईचा पाट खाली काढ

“मावशी, माझी आई ७३ वर्षांची. बाबा गेले तेव्हापासून, म्हणजे चार वर्षं, डोंबिवलीला माझ्याकडेच असते. भाऊ न्यू जर्सीला. तो दर दोन-तीन महिन्यांनी तिच्यासाठी गोळ्यांच्या बाटल्या पाठवतो. एनएमएन, रेझव्हेराट्रॉल आणि आणखी कसल्या कसल्या. म्हणतो, यांनी म्हातारपण मागे हटतं. मी त्या आईला देत नाही. परवा ते त्याला कळलं आणि फोनवर कडाक्याचं भांडण झालं. ‘तुला आई जास्त जगायला नकोय का?’ इथवर तो बोलला. मी आईला किती जपते ते मलाच माहीत. चार वर्षांत तिला एका कामाला हात लावू दिलेला नाही. भाजीलासुद्धा खाली उतरू देत नाही, अंघोळीचं पाणीही काढून देते. गौरी जेवणाच्या दिवशी ती पाटावर बसली होती, तर उठताना मला आणि जाऊबाईंना दोन्हीकडून धरावं लागलं. तेव्हापासून तिचं खाली बसणंही बंद केलं, देवापुढेही खुर्ची ठेवली आहे. रात्री दूधभात खाऊन नऊला झोपते. एवढं करून मीच वाईट. गोळ्या द्यायच्या का? आणि भावाला काय सांगू?”

गौरी भाद्रपदात जेवल्या. तुझं पत्र माघातलं आहे. म्हणजे पाच महिने तुझी आई जमिनीवर बसलेली नाही. भावाच्या बाटल्यांपेक्षा मला या पाच महिन्यांची काळजी जास्त वाटते. आणि खरं सांगते, तुझा रागही येतो.

पाटावरून उठताना दोघींना धरावं लागलं, तेव्हा आईच्या मांड्या तुला सांगत होत्या की आमच्यातला जोर चाललाय. त्यावर तू काय केलंस? पाटच काढून टाकलास. डोळ्यांना दिसेनासं झालं तर आपण चष्मा करून आणतो. वर्तमानपत्र बंद नाही करत.

तिशीनंतर दर दहा वर्षांनी अंगातले स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. डॉक्टर याला सार्कोपेनिया म्हणतात. हे नावच मुळी १९८९ मध्ये पडलं. आपल्या घरांत अजून त्याला ‘वय झालं’ एवढंच म्हणतात आणि विषय संपतो. पण सगळं वयावर ढकलता येत नाही. त्यातला मोठा वाटा न वापरण्याचा असतो. २००७ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग छापून आला. सरासरी ६७ वर्षांच्या बारा धडधाकट माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर झोपवून ठेवलं. दहाच दिवस. तेवढ्यात त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस झडलं. तुझ्या आईचा आराम अंथरुणावरचा नाही, कबूल. पण तो चार वर्षांचा आहे.

माझ्या आईचं सांगते, म्हणजे मी एवढी का चिडले ते कळेल. ती ७९ वर्षांची होती. ‘गुडघे सांभाळ गं’ म्हणत मीही तिला तीन वर्षं खाली बसू दिलं नव्हतं. एका दुपारी ती न्हाणीघरात घसरली. हाड एकही मोडलं नाही. पण उठता येईना. मी कामावर होते, शेजारचं दार बंद. मी घरी आले तेव्हा दीड-पावणेदोन तास झाले होते. ओल्या फरशीवर एका कुशीवर पडलेली, एक हात बादलीच्या कडीत अडकवलेला, ओठ थंडीने निळे. मला पाहून रडली नाही. म्हणाली, “उठायचं कसं तेच आठवेना गं.” ज्या बाईने पन्नास वर्षं जमिनीवर बसून भाकऱ्या थापल्या, पोरं न्हाऊ घातली, ती बाई हे म्हणत होती. तिला ते विसरायला मी लावलं होतं, प्रेमाने. त्यानंतर ती एकटी न्हाणीघरात जायलाच घाबरायची. बाहेर जाणं तर सुटलंच.

म्हणून सांगते, खाली बसून उठता येणं ही पंगतीपुरती गोष्ट नाही. संडासातून उठणं, रिक्षातून उतरणं, जिना, पाय अडखळला तर तोल सावरणं, सगळं त्याच मांड्यांवर चालतं.

‘आता या वयात काय होणार’ असं मनात येत असेल तर हे ऐक. १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्ध-रुग्णालयात मारिया फियाटारोन या डॉक्टरने ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा, वजन लावून, चांगला जोर काढणारा व्यायाम करून घेतला. नऊ जण शेवटपर्यंत टिकले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतल्या माणसांची! तुझी आई त्यांच्यापुढे तरुण आहे.

तेव्हा एकच कर. आईला पुन्हा पाटावर बसव आणि तिचं तिला उठू दे.

आजच्या आज नाही, येत्या गौरींपर्यंत. आधी तिच्या डॉक्टरांकडे जा. गुडघ्यांची झीज किती, हाडं किती ठिसूळ, बीपीच्या गोळीने उठताना अंधारी येते का, डोळ्यांत मोतीबिंदू आहे का, हे बघून घे. मग चांगली फिजिओथेरपिस्ट गाठ, आठवड्यातून दोनदा घरी येणारी. तिला स्पष्ट सांग की आम्हाला शेक नको, ताकद हवी. सुरुवात जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीपासून. खुर्ची भिंतीला टेकलेली, तू शेजारी उभी, हात छातीवर घडी घालून उठायचं आणि सावकाश बसायचं. हात न टेकता पाच वेळा उठ-बस १४ सेकंदांत जमते का, ही चाचणी जागतिक आरोग्य संघटनाच सुचवते. आज जमणार नाही, पहिल्यांदा हात टेकेलही. टेकू दे. खुर्ची सोपी झाली की स्टूल. स्टूल सोपं झालं की चौरंग. मग पाट, समोर पलंगाची कड धरायला ठेवून. ती ‘हुश्श’ करेल, तोंड वाकडं करेल, मांड्या दुखतात म्हणेल. त्या वेळी तुझे हात पुढे येतील. ते मागे ठेवायला तुला शिकावं लागेल, आणि आईच्या व्यायामापेक्षा तेच कठीण जाणार आहे. फक्त दुखणं सांध्यात असेल किंवा चक्कर येत असेल तर थांबायचं आणि फिजिओथेरपिस्टला सांगायचं.

दूधभाताने स्नायू होत नाहीत. आई पन्नास किलोची असेल तर दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. किडनीचा त्रास नाही ना, तेवढं डॉक्टरांना विचार आणि रात्री मुगाचं धिरडं, पनीर, घट्ट वरण, खात असेल तर अंडं सुरू कर. आणि भाजीला तिला खाली जाऊ दे. येताना अर्धा किलो कांद्यांची पिशवी तिच्या हातात असू दे. तुझ्या हातात नको.

आता बाटल्या. देऊ नकोस, त्यात तुझं चुकलं नाही. एनएमएनने उंदरांत काही फायदे दिसले, पण माणूस त्याने जास्त जगतो हे कुणी दाखवलेलं नाही. रेझव्हेराट्रॉलच्या मागे तर ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने २००८ मध्ये ७२ कोटी डॉलर देऊन एक कंपनीच विकत घेतली आणि २०१३ मध्ये ती गुंडाळली. अमेरिकी सरकारच्या खर्चाने झालेल्या चाचण्यांत साध्या, निरोगी उंदरांचं आयुष्यही त्याने वाढलं नाही.

पण भावावर फार तोंडसुख घेऊ नकोस. तो लांबून बाटल्या पाठवतो, तू जवळ राहून खुर्ची पुढे करतेस, आणि दोघांच्याही प्रेमात आईने स्वतः करायचं असं काहीच उरलेलं नाही. त्याला सांग, बाटल्यांचे पैसे फिजिओथेरपिस्टच्या फीला दे. हा खर्च इथे सरकार देत नाही. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय २०२४ पासून झाली, ती चांगलीच झाली. आईचं कार्ड काढलं नसशील तर काढून घे. पण ते कार्ड खुब्याचं हाड मोडून दवाखान्यात भरती झाल्यावर उपयोगी पडतं. हाड मोडू नये म्हणून घरी येऊन व्यायाम करून घेणाऱ्या बाईची फी त्यातून मिळत नाही. म्हातारपणाच्या धोरणातली ही उणीव मला फार खुपते. ती भरून निघेपर्यंत न्यू जर्सीचे डॉलर कामी येऊ देत.

त्या दोघांना रविवारी व्हिडिओ कॉलवर बसव. आईने उठायचं, त्याने मोजायचं. ज्या दिवशी ती स्टुलावरून पाचही वेळा हात न टेकता उठेल, त्या दिवशी मला एक ओळ टाक.

भाद्रपदाला सात महिने आहेत. पाट माळ्यावर टाकला असशील, तो आज खाली काढ. पुसायचं फडकं मात्र आईच्या हातात दे.