खतं का जाळली?

प्रिय सई,

1875 साली पुणे-नगर भागात शेतकरी सावकारांवर उठले, त्याबद्दल तू विचारलंस: "पैसे लुटायचे सोडून कागदच का जाळले?" कारण सावकाराचा जोर तिजोरीत नव्हता, खतात, म्हणजे कर्जाच्या लेखी कागदात होता.

1859 च्या कायद्याने कर्जवसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू कर्जदाराच्या भल्याचा. पण मुदत भरत आली की सावकार थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवं खत लिहून घेई. दरमहा शेकडा दोन रुपये धरून 100 रुपयांचा हिशेब कर. तीन वर्षांनी 172, सहा वर्षांनी 296, नऊ वर्षांनी 509. हातात नवा पैसा एकही नाही! पावती सहसा मिळत नसे, आणि खतात काय लिहिलंय ते अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नसे. कोर्ट मात्र खतच बघे. कोर्टाचा हुकूमनामा, म्हणजे वसुलीचा निकाल झाला की जमीन लिलावात.

अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस अडला आणि इथल्या कापसाला भाव होता तोवर उधारी सहज मिळायची. 1865 ला युद्ध संपलं, भाव कोसळले, त्यात सरकारने शेतसारा वाढवला. मग सावकारांनी हात आखडता घेतला आणि जुन्या बाकीचा तगादा लावला.

पहिलं पाऊल जाळपोळीचं नव्हतंच. शिरूरजवळच्या करडे गावाने सावकारांना वाळीत टाकलं: न्हावी दाढी करेना, पाणी कुणी भरेना, दुकानात गिऱ्हाईक फिरकेना. (हेच हत्यार पुढे दुबळ्यांवरही चालवलं गेलं; आता महाराष्ट्रात 2016 च्या कायद्याने तो गुन्हा आहे.) 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात भडका उडाला. तिथे दुकानंही लुटली गेली, पण पुढे बहुतेक गावांत मागणी एकच: खतं आणा. मुकाट्याने दिली तर सावकाराला सहसा हात लावत नसत.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये कायदा केला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं, खत गावच्या निबंधकापुढे लिहायचं ठरलं, आणि खतामागचा मूळ व्यवहार कोर्टाला उकरता येऊ लागला. हे कलम मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

सावकारांनी पळवाट काढलीच. गहाणखताऐवजी थेट खरेदीखत करून घ्यायचे; "पैसे फेड, जमीन परत देतो" एवढं नुसतं तोंडी.

तुझा,
बाबा